‘फील घ्या’ म्हणणाऱ्यांना

गेल्या हिवाळ्यात एका छायाचित्र-प्रदर्शनात मला बोलायला बोलावलं होतं. सगळे फोटो रस्त्यावरचे, कुणाला न सांगता, न उभं करता टिपलेले. त्यातल्या दादरच्या फुलबाजारातल्या एका फोटोपाशी मी थांबलो. पहाटेची वेळ. डोक्यावर झेंडूचं भलं मोठं गाठोडं घेतलेला एक माणूस, आणि त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून मागून चाललेला चार-पाच वर्षांचा मुलगा. मी म्हणालो, “इथे फोटो काढणाऱ्यानं गुडघा टेकला आहे, आणि म्हणून…” तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. “अहो, कशाला त्याची चिरफाड करता? कँडिड आहे तो. क्षण आला, क्लिक केलं. फील घ्या आणि पुढं चला.” टाळ्या पडल्या. माझं वाक्य अर्धंच राहिलं.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. ते बोलले ते त्यांच्या एकट्याचं मत नव्हतंच. फोटोग्राफीच्या कार्यशाळांत, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर, स्पर्धांच्या निकालानंतरच्या चहाच्या टेबलावर मी ते वर्षानुवर्षं ऐकतो आहे. ते असं: रस्त्यावर विचाराला वेळच नसतो, त्यामुळे मांडणी-बिंडणी हे सगळं नंतर चिकटवलेलं. मूड तर ज्याचा त्याचा; तुम्हाला उदास वाटलं, मला शांत वाटलं, विषय संपला. कँडिड म्हणजे खरं, आणि खऱ्याला काय तपासायचं? शिवाय तपासत बसलं की मजा जाते. ऐकायला हे नम्र वाटतं, मोकळं वाटतं. माझ्या मते ते आळशी आहे. त्याहून वाईट म्हणजे, फोटोत ज्याला विचारल्याशिवाय ओढलं त्या माणसावर ते अन्याय करतं.

वेळेचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच सगळ्यात बळकट वाटतो. शटर सेकंदाच्या १२५व्या भागात उघडून मिटतं हे खरं. पण फोटोचं काम तेवढ्यात झालं असं कोण म्हणालं? रस्त्यावर फिरणारा फोटोग्राफर घरातून निघतानाच अर्धे निर्णय घेऊन निघतो. ३५ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ ८, फोकस ३ मीटरवर लावून ठेवला की साधारण २ मीटरपासून ७ मीटरपर्यंतचं सगळं स्वच्छ येतं. मग ऐन वेळी फोकस जुळवत बसावं लागत नाही. म्हणजे माणसाच्या किती जवळ जायचं, हे त्यानं तो माणूस दिसायच्या आधीच ठरवलेलं असतं. नंतर तो जागा हेरतो. ऊन कुठून येतंय, मागची भिंत कोणती, माणसं कुठल्या बोळातून बाहेर पडतात, विजेचा खांब कुणाच्या डोक्यातून उगवल्यासारखा तर दिसणार नाही. आणि मग थांबतो. कधी दहा मिनिटं, कधी तास. हा सगळा विचारच आहे, फक्त तो शब्दांत होत नाही. पोळी लाटणाऱ्या बाईला कड कुठे जाड राहिली ते हाताला कळतं. कसं कळतं ते तिला सांगता येणार नाही, म्हणून तिच्या हाताला अक्कल नाही असं आपण म्हणतो का?

या वादात नेहमी आंरी कार्तिए-ब्रेसाँचा एक फोटो पुढे केला जातो. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनच्या मागे, १९३२ साली, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस. त्याची टाच पाण्याला टेकायला केसभर अंतर उरलं आहे, खाली त्याचंच उलटं प्रतिबिंब, आणि मागच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये तशीच झेप घेतलेली एक आकृती. स्वतः कार्तिए-ब्रेसाँनं सांगितलं होतं की कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून लेन्स घातली होती, नीट दिसतही नव्हतं, सगळं नशीब. हे वाक्य लोकांना फार आवडतं. नशीब होतंच, मी कुठे नाही म्हणतो? उडी मारणारा माणूस नशिबानं आला. पण ती फट, ते पाणी, ते पोस्टर नशिबानं कॅमेऱ्यासमोर येऊन उभं राहिलं नव्हतं. त्या फटीला कॅमेरा लावावा असं ज्याला वाटलं तो आंद्रे लोत या चित्रकाराकडे रचना शिकलेला होता. आणि पुढची गोष्ट हे लोक सांगतच नाहीत: फोटोच्या डावीकडे कुंपणाची फळी आली होती, ती छापताना कापून टाकली. काढलेली चौकट कापायची नाही यासाठी जो माणूस पुढे जगभर ओळखला गेला, त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो कापलेला आहे. कुणीतरी त्या निगेटिव्हकडे पाहिलं, काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवलं. याला विश्लेषण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

‘निर्णायक क्षण’ हा शब्दही याच माणसाच्या नावावर फिरतो. १९५२ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीचं ते नाव. मूळ फ्रेंच नावाचा रोख वेगळाच आहे, लपतछपत, घाईघाईनं टिपलेल्या चित्रांकडे. पण इंग्रजी नाव चिकटलं, आणि लोक त्याचा अर्थ असा लावू लागले की निर्णय क्षणच घेतो, फोटोग्राफर फक्त बोट दाबतो. त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत घटनेच्या अर्थाइतकंच आकारांच्या नेमक्या मांडणीला त्यानं महत्त्व दिलं आहे. पुस्तकाचं नाव पाठ आणि प्रस्तावना कोरी, अशी आपली गत झाली आहे.

आपल्याकडचंच घ्या. रघु राय यांचा १९९५चा चर्चगेट स्टेशनचा फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिला असेल. गर्दी नदीसारखी वाहून गेलेली, माणसांचे नुसते फराटे, आणि त्या लोंढ्यात वर्तमानपत्र वाचत थांबलेली काही माणसं स्पष्ट. तो फोटो शटर मंद ठेवल्याशिवाय निघूच शकत नाही, आणि शटर मंद ठेवायचं हे आधी ठरवावं लागतं. चालणारा पुसला जाईल आणि थांबलेला उरेल, हे ज्यानं आधी ओळखलं त्यानं मुंबईबद्दल एक विधान केलं आहे. त्या विधानावर बोलायचं नाही, फक्त ‘काय गर्दी आहे!’ म्हणायचं?

आणि काम शटर मिटल्यावरही संपत नाही. रॉबर्ट फ्रँकनं १९५५-५६मध्ये अमेरिकाभर फिरून सुमारे २८,००० फोटो काढले. ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात त्यातले ८३ आहेत. उरलेले क्षण काय कमी कँडिड होते? गॅरी विनोग्रँड तर रोल काढून ठेवायचा आणि वर्ष-वर्षभर धुवायचा नाही. काढताना मनात आलेला आनंद फोटोच्या मोजमापात शिरू नये म्हणून तो स्वतःची आठवण पुसट होऊ द्यायचा. १९८४ साली तो गेला तेव्हा २,५००हून जास्त रोल न धुता पडलेले होते. ‘फील घ्या’ म्हणणाऱ्यांनी या माणसाकडे नीट पाहावं. त्याच्याइतकं रस्त्यावर कुणी जगलं नसेल, आणि स्वतःच्या फीलवर इतका अविश्वासही कुणी दाखवला नसेल.

आता मूडकडे येतो. ‘मूड ज्याचा त्याचा’ हे ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, मग तो कागदावर कुठून आला? उजेडातून आला, माणसामाणसांतल्या अंतरातून आला, कोण कुठे बघतंय त्यातून आला, काय आत घेतलं आणि काय बाहेर ठेवलं त्यातून आला. हे सगळं बोट ठेवून दाखवता येतं. फ्रँकचा न्यू ऑर्लिन्समधल्या ट्रॉलीचा फोटो डोळ्यांसमोर आणा. ट्रॉली डावीकडून उजवीकडे पसरलेली, खिडक्यांचे चौकोन ओळीनं, प्रत्येकात एक-दोन चेहरे. पुढच्या खिडक्यांत गोरी माणसं, मग दोन गोरी मुलं, मग एक काळा माणूस, शेवटी एक काळी बाई. खिडक्यांमधले उभे पांढरे खांब त्यांना एकमेकांपासून तोडतात. तो काळा माणूस थेट कॅमेऱ्याकडे बघतो आहे. पाहणाऱ्याच्या छातीवर दडपण येतं, तो या फोटोचा मूड. पण ते दडपण कशानं येतं? फ्रँक ट्रॉलीच्या अगदी समोर, काटकोनात उभा आहे, त्यामुळे बसण्याचा क्रम पायरीसारखा एका ओळीत येतो. तिरकं उभं राहून काढला असता तर तीच ट्रॉली, तीच माणसं, पण क्रम हरवला असता. कायद्यानं लादलेली विभागणी फोटोच्या मांडणीतच उतरली आहे. फोटो १९५५च्या नोव्हेंबरातला. त्यानंतर काही आठवड्यांतच, १ डिसेंबरला, माँटगोमेरीत बसमधली जागा सोडायला नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली. या फोटोसमोर उभं राहून ‘मला उदास वाटलं, तुम्हाला काय वाटलं ते तुमचं’ एवढंच म्हणून पुढं जाणाऱ्यानं फोटो पाहिला असं मी मानत नाही.

आपल्याकडे मूड या शब्दाची आणखी एक दुर्दशा झाली आहे. रंग काढून टाकला, काळा गडद केला, सुरकुत्या ठळक केल्या की म्हणे मूड आला. म्हातारा माणूस, विडीचा धूर, अंधारा कोनाडा, खाली ‘वेदना’ असा मथळा. रघुवीर सिंग यांनी आयुष्यभर रंगात काम केलं, १९९४ साली त्यांचं मुंबईवरचं पुस्तक आलं ते रंगीतच, आणि त्यातली दाटी, धावपळ, ताण यांना कशाची उणीव भासत नाही. फोटो रंगीत असो की काळा-पांढरा, मूड मांडणीतून येतो. मांडणी वाचायची नाही असं ठरवलं की हातात फक्त फिल्टर उरतो.

‘कँडिड म्हणजे खरं’ या मुद्द्यावर मात्र मला स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

सासवडला ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा दोन दिवस मुक्काम असतो. तेव्हा मी रोलवर फोटो काढायचो. एका शाळेच्या ओट्यावर, खांबाला टेकून, एक वयस्क बाई बसल्या होत्या. पाय पुढे पसरलेले, तळव्यांना फोड, पदर डोक्यावरून घसरलेला, नजर दूर कुठेतरी. शेजारी चहाचा स्टीलचा पेला. ढगाळ दुपार, मऊ उजेड. मी फोटो काढला. त्यांना कळलंही नाही. तो फोटो दोन प्रदर्शनांत लागला. लोक समोर उभे राहून गप्प व्हायचे. ‘काय एकटेपणा आहे!’ ‘वार्धक्य काय पकडलंय!’ अभिप्रायाच्या वहीत पानंच्या पानं भरली. मी ती जपून ठेवली.

खरं काय होतं? त्या बाईंच्या दिंडीतल्या तीन मैत्रिणी हातभर अंतरावर बसून खिदळत होत्या. दोन पावलं उजवीकडे सरकून मी त्यांना खांबाआड घातलं. पुढच्याच क्षणी त्यातली एक काहीतरी बोलली आणि माझ्या या ‘एकाकी’ बाई तोंडाला पदर लावून हसल्या. ती फ्रेमही माझ्या रोलवर आहे. ती मी कधी छापली नाही. मी कुणाला उभं केलं नव्हतं, काही सांगितलं नव्हतं, फोटो शंभर टक्के कँडिड होता. तरी त्यातला एकटेपणा त्या बाईंचा नव्हता. तो माझा होता, माझ्या दोन पावलांचा.

पहिल्या प्रदर्शनात कुणाला काही खटकलं नाही. दुसऱ्यात एक आजी आल्या, नऊवारी, गळ्यात तुळशीची माळ. बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, “अहो दादा, ह्यो दुसरा पेला कुनाचा?”

मी बघितलं. फोटोच्या खालच्या कडेला, खांबाच्या अगदी लगत, दुसऱ्या पेल्याची फक्त कड दिसत होती. इतक्या वर्षांत मलाही ती दिसली नव्हती. आजी पुढे म्हणाल्या, “वारीत एकलीनं कोन चा पितंय?”

त्या आजींनी कुठली कार्यशाळा केली नव्हती. त्यांनी एवढंच केलं, जे वाटलं त्यावर न थांबता चौकटीची कड पाहिली आणि विचारलं. ज्याला लोक चिरफाड म्हणतात ती हीच. अभिप्रायाच्या वहीतली सगळी माणसं फील घेऊन गेली आणि फसली. मी त्यांना फसवलं. त्या बाईंना त्यांच्या मैत्रिणी परत दिल्या त्या विश्लेषण करणाऱ्या एकट्या आजींनी. आता सांगा, त्या वारकरी बाईंवर प्रेम कुणी केलं? समोर गप्प उभं राहून डोळे पुसणाऱ्यांनी, की पेला कुणाचा म्हणून विचारणाऱ्या आजींनी?

स्टुडिओत फोटो काढून घेणारा माणूस कसं दिसायचं ते थोडंतरी स्वतः ठरवतो. केस विंचरतो, हात मांडीवर ठेवतो, नको असेल तर नको म्हणतो. रस्त्यावरच्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. तो त्याच्या कामाला चाललेला असतो. त्याला कसं दाखवायचं हे फोटोग्राफर दोनच गोष्टींनी ठरवतो: कुठे उभं राहायचं आणि कधी बटण दाबायचं. त्याची सगळी ताकद या दोन गोष्टींत आहे, त्यामुळे त्याची जबाबदारीही तिथेच आहे. आणि मांडणी म्हणजे याच दोन गोष्टींचा कागदावर उरलेला पुरावा. ‘मांडणीवर बोलू नका’ असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा तो पुरावा बघू नका असं सांगत असतं. कुणाच्या सोयीचं आहे हे? फोटोतल्या माणसाच्या तर नक्कीच नाही.

मजा जाते, या म्हणण्याला फार वेळ देणार नाही. तीनतालातला ख्याल ऐकताना सोळा मात्रा मनात चालवणारा श्रोता आणि न चालवणारा श्रोता शेजारी बसवा. गायक समेवर आला की मान कुणाची आधी डोलते? कुणाला वाट बघण्याचं सुख मिळालेलं असतं? ज्याला मात्रा कळतात त्याची मैफल कोरडी होते, असं आजवर कुठल्याही गवयानं म्हटलेलं मी ऐकलं नाही. फोटोबाबतच हा समज का?

एक गोष्ट मान्य करतो, तीही अपुरीच. विश्लेषणाच्या नावाखाली आपल्याकडे काही जणांनी तृतीयांशाच्या नियमाचा दंडुका चालवला. चौकटीचे नऊ भाग करायचे, माणूस रेषांच्या छेदावर आला की गुण द्यायचे, नाही आला की कापायचे. स्पर्धांतून हे वर्षानुवर्षं झालं आणि पोरं त्याला कंटाळली. त्यांचा वैताग मला समजतो. पण कुणी व्याकरण छडी घेऊन शिकवलं म्हणून वाचायचंच सोडून द्यायचं का? नऊ चौकोन मोजणारा आणि ‘नुसता फील घ्या’ म्हणणारा, दोघंही फोटोतल्या माणसाकडे पाठ करून उभे आहेत. एक नियमाकडे बघतो आहे, दुसरा स्वतःच्या मनाकडे.

मला फोटोतल्या माणसाकडे बघायचं आहे. त्यासाठी उजेड कुठून आला ते मी विचारणार, कड तपासणार, कोण कापलं गेलं ते शोधणार, फोटो काढणारा किती लांब होता आणि किती उंचीवर होता ते मोजणार. कुणी टाळ्या वाजवून थांबवलं तरी पुन्हा तिथूनच सुरू करणार.

त्या दिवशी माझं वाक्य अर्धं राहिलं होतं. फुलबाजारातल्या त्या फोटोत मागे, लांबवर, गजरे ओवत एक बाई जमिनीवर बसल्या आहेत. त्यांचे डोळे आणि पुढे चाललेल्या मुलाचे डोळे एकाच आडव्या रेषेवर आहेत. जवळचा आणि लांबचा, जमिनीपासून साधारण सारख्याच उंचीवरचा डोळा असा एका रेषेत येतो तो कॅमेराही साधारण त्याच उंचीवर असला तरच. म्हणजे दादरच्या त्या ओल्या, फुलं तुडवलेल्या रस्त्यावर, पहाटेच्या हमालांच्या रेट्यात, फोटो काढणाऱ्यानं गुडघा टेकला आहे, आणि म्हणून ते झेंडूचं गाठोडं अर्धी चौकट व्यापून आभाळासारखं वर आलं आहे, जसं ते त्या पोराला रोज दिसत असेल. गाठोड्याखालचा बापाचा चेहरा आपल्याला दिसत नाही, कारण त्या उंचीवरून तो पोरालाही दिसत नाही. त्याला दिसतं सदऱ्याचं टोक, आणि ते त्यानं घट्ट धरलं आहे.